त्याला सांग

"ताई, त्याला सांग, पुढं उजवीकडं खांब आहे," छोटू म्हणाला.

दादा बोटीच्या चाकावर होता, छोटूपासून पुरता चार हातही लांब नव्हता. खांब त्यालाही दिसत होता. तरी ताई मागं वळली. "खांब आहे म्हणतोय."

"त्याला म्हणावं, मला डोळे आहेत."

"डोळे आहेत म्हणतोय," ताईनं पुढं पोचवलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. नदी अशी संथ, ऊन कोवळं, दिवसभरासाठी भाड्यानं घेतलेली पांढरी बोट, डब्यात उकडलेली अंडी, आणि दोन भावांच्या मधे बसून ताईची नुसती टपालवाली झालेली. बगळे दिसले, तेही दोघांना वेगवेगळे दाखवावे लागले. जुन्या पुलाखालून जाताना छोटूनं लहानपणीसारखी हाळी दिली. ती घुमून परत आली तेव्हा दादा हसला, पण हसला तो पुलाकडं बघून.

छोटू म्हणजे काही लहान नव्हे. अठ्ठेचाळीसचा, अर्धं टक्कल पडलेला गडी, पाट्या रंगवायचा. दादा बावन्नचा, बसचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी दादानं बाबांची होडी कुणाला न विचारता विकली. छोटू निळ्या रंगाचा डबा घेऊन ती रंगवायला आला, तर शेड रिकामी. तेव्हापासून जी तोंडं बंद झाली ती झालीच. आणि आता पंधरा तारखेला ताई लेकीकडं कायमची राहायला निघाली होती, पार समुद्रापलीकडं. ती गेल्यावर या दोघांचे निरोप कोण पोचवणार? म्हणून तर ही बोट.

दुपारी ते मरीनात, बोटी लावायच्या धक्क्यावर, परतले. चहाच्या टपरीपाशी बोट लावायला ऐसपैस जागा होती. तिथं ती बांधून तिघं लोकांच्या बोटी बघत हिंडले. एका बोटीला पडदे आणि खिडकीत फुलांच्या कुंड्या, एकीवर गुंडाळलेल्या दोरात मांजर झोपलेलं. छोटू प्रत्येक बोटीच्या नावापाशी थांबायचा, वाकडी अक्षरं दिसली की नाक मुरडायचा. दादा वीस पावलं पुढं.

पाच वाजता बोट सतरा नंबरच्या जागेवर परत द्यायची होती. बोटवाल्या बाईनं सकाळीच बजावलं होतं, "चाकावरच्याला बोटीच्या नाकापुढचं पाणी दिसत नाही. एकानं पुढं उभं राहून अंतर सांगायचं, आणि दुसऱ्यानं ऐकायचं."

"तुम्ही दोघं बोट आणा," ताई म्हणाली. "मी चहा घेऊन पायी येते."

"आणि मधे कोण?" दोघांनीही तिच्याकडं बघितलं.

"मधे काय? पाणी आहे," म्हणत ती चालायला लागलीसुद्धा.

सतरा नंबर म्हणजे दोन चकचकीत बोटींमधली चिंचोळी फट. ताई तिथं पोचली तेव्हा बोट वळण घेत होती. छोटू पुढच्या टोकाला दोर घेऊन उभा, दादा मागं चाकाशी मान उंच करून.

"ताई, त्याला सांग, दहा हात राहिले," छोटू ओरडला.

ताईनं चहाचे पेले धक्क्याच्या फळ्यांवर ठेवले आणि कानाला हात लावून, ऐकू येत नाही अशी मान हलवली. खरं तर तिचे कान असे, की तीन घरं पलीकडची कुजबुज ऐकू यावी.

"सहा हात, ताई."

ताईनं पुन्हा मान हलवली. बोट येतच होती. दादाचा उजवा पाय सवयीनं ब्रेक शोधत तळाच्या फळीवर दाबत होता. बोटीला कुठला आलाय ब्रेक. शेजारच्या बोटीचा चकचकीत रंग आता हातभर अंतरावर होता. ताई धक्क्याच्या अगदी कडेला आली. काय करून बसलो आपण हे. ती ओरडणार, तेवढ्यात छोटूच वळला.

"दादा, मागं घे. डावीकडं, दादा. मागं घे, मागं."

इंजिन गुरगुरलं. बोट थबकली आणि धक्क्याच्या रबराला अलगद टेकली. छोटूनं दोर फेकला, तो ताईनं झेलला. दादानं इंजिन बंद केलं.

मग छोटू दादाकडं पाठ करून म्हणाला, "ताई, याला विचार. होडी विकताना मला का नाही विचारलं?"

"तिला काय विचारतोस," दादा मागून म्हणाला. "मला विचार."

छोटू वळला. "का विकलीस?"

"विकली कुठली. तळ पार कुजला होता. लाकडाच्या भावात गेली. आणि तू त्याच सकाळी फोन केलास, रंग घेतला म्हणून. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"एकदा दाखवायची तरी होतीस."

"दाखवली असती तर रडला असतास."

"मग रडलो असतो. तुझं काय जात होतं?"

"मला बघवलं नसतं," दादा म्हणाला.

फळ्यांवर चहा निवत चालला होता. ताईच्या हातात दोर होता आणि पुढ्यात खुंटा. दोर बांधला की दोघं उतरणार आणि आपापल्या वाटेला लागणार. तिनं तो बांधला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ती तशीच उभी राहिली.