चाकाखालचा धोंडा

जोतिबाच्या उतारावर मामांच्या घरची जुनी मालमोटार चाकाखालच्या एका धोंड्याच्या आधाराने उभी होती. ती विकत घ्यावी की नाही, हे गुंडूला आजच ठरवायचे होते. घेतली, तर गूळ वेळेवर पेठेत पोहोचणार होता. परंतु यात्रेला लेकरेही तिच्यातूनच येणार होती. “मामा, बिरेक धरतोय न्हवं?” “दांडा ओढला की घोरपडीवानी!” “मग धोंडा कशाला?” “सवय हाय.” “आसं? बसा की चाकाम्होरं. मी धोंडा काढतो.” बोललेला शब्द गिळणे मामांना ठाऊक नव्हते. पटका सावरून ते चाकासमोर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. गुंडूने धोंड्याला हात घातला. मामांचे ओठ जोतिबाचा धावा करीत होते. “उठा, मामा. बिरेक नीट करू. मग गाडी माझीच.” मामांनी डोळे उघडले, तेव्हा चाकाखाली दोन धोंडे होते.