उद्याचा बुडबुडा

ऋजुताने सकाळपासून संगणकावरचं गणित आणखी बारीक तुकड्यांत मांडून पाहिलं, दाबाचे आकडे पुन्हा भरले, तरी बुडबुडा पंपाच्या त्याच पात्याशी उठत होता.

पडद्यावर फिरत होता तो आईच्या छातीतल्या पंपाचा संगणकी जुळा. तो नेहमी एक दिवस पुढे चालायचा; खऱ्या पंपात उद्या काय होणार ते आजच दाखवायचा. उद्या दुपारी त्यात रक्ताच्या जागी वायू भरत होता आणि प्रवाह थांबत होता.

"मॉडेल चुकलंय, सर," ती म्हणाली.

"नाही गं," प्रयोगशाळेचे प्रमुख धनवटे सर हळूच म्हणाले. "हृदयच आता पंपापर्यंत रक्त पोचवत नाहीये. दुसरी शस्त्रक्रिया आईंना झेपायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना? तू घरी जा."

घरी आई ओट्यापाशी स्टुलावर बसून भिजलेली मटकी फडक्यात बांधत होती.

"आज इतक्या लवकर? सापडली वाटतं तुझी ती चूक!"

"चूक नव्हतीच, आई."

"बघ! उगाच जिवाला घोर लावून घेतलास. उद्या हिला मोड आले की तुझ्या आवडीची उसळ करते."

ऋजुताने तिच्या हातातलं गाठोडं अलगद सोडवलं.

"आजच कर ना. मला बिनमोडाचीच हवी."