तलावासमोरची खोली

"धाकटीनं अर्ध्या भावात खोल्या मिळवल्या हं उदयपूरला!" सासूबाईंनी हे चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा कुमुदिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. धाकट्या जावेनं, शलाकानं, घरच्या सहलीकरता ऑनलाइन बोली लावून स्वतःसाठी आणि सासूसासऱ्यांसाठी खोल्या घेतल्या होत्या.

"ताई, तुमचीही बघू का?" शलाकानं विचारलं.

"मला येतं."

दुपारी तिनं शलाकाहून पाचशे रुपये कमी बोली लावली. हॉटेलचं नाव पैसे भरल्यावरच कळणार होतं. बोली मान्य झाली, आणि तिनं ते घरभर सांगितलं.

उदयपुरात बाकीचे सगळे तलावाकाठी उतरले. कुमुदिनीचं हॉटेल मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला निघालं. खिडकी उघडली, तर हातभर अंतरावर शेजारची भिंत. नवरा रिक्षा करून आईवडिलांकडे चहाला गेला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "तुझ्या खोलीतून तलाव दिसतो का गं?"

"अगदी समोरच," भिंतीकडे बघत कुमुदिनी म्हणाली.

"ताईंचं नशीबच मोठं," फोनवर मागून शलाका कुरकुरली. "आम्हाला मागच्या खोल्या दिल्यात."

नवरा तिथे पोचायला अजून दहा मिनिटं तरी लागणार होती. तेवढा वेळ कुमुदिनीला फार बरं वाटलं.