बुडाखालची धार

आबांनी अंगणातली अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी विटांच्या थरांवर चढवली आणि तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरलं. भोकं शोधायची ही त्यांची रीत. धाकट्या मुलाच्या हट्टापायी त्यांनी पावसाळाभर खपून ती ठाकठीक केली होती. आज थेंब गळला नाही, तर उद्या तो ती धरणात घालणार होता. थोरला याच होडीतून जाळं टाकायला गेला होता, तो परत आलाच नाही.

पोरांची आई तानूबाई उंबऱ्यात बसून पाहत होती. होडीच्या बुडाखाली बारीक धार लागली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

“परत गळली? आबा, आता तुमचा हात चालत नाही!” धाकटा तणतणत निघून गेला.

आबांनी वाकून भोकावरून बोट फिरवलं आणि ओल्या हातानेच ते तिच्याजवळ येऊन बसले. आता नवऱ्याच्या शिव्या खायच्या, म्हणून तिने पदराखालचा खिळा मुठीत घट्ट धरला.

“अगं, खिळा बाहेरून मारायचा,” ते हळूच म्हणाले. “आतून मारला की कडा बाहेर येतात. पोरगं माझ्याच हाताखाली शिकलंय, त्याला कळेल.”