झोपलेले पहारेकरी

गोष्ट दोन हजार तेवीस सालची. दातांच्या दवाखान्यातल्या संस्कृती डॉक्टरनं द्वारकाबाईंना भिंगात बघायला लावलं. फिकट गुलाबी रंगात जांभळे ठिपके तरंगत होते.

"हे तुमच्या रक्तातले पहारेकरी, आजी. दुखणं हिरड्यांचं, पण हे अंगभर जागे आहेत."

द्वारकाबाई बघतच राहिल्या. त्यांचे यजमान काकासाहेब हर्सूलच्या तुरुंगावर पहारेकरी होते. रातपाळी करून दिवसा झोपायचे, तेव्हा त्या ओठांवर बोट ठेवून पोरांना अंगणात पिटाळायच्या. ती दुपारची शांतता या ठिपक्यांवर पांघरावी, असं त्यांना वाटलं.

"ह्यांना झोप कधी लागंल?"

"हिरड्या साफ करून देते. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. पण मिसरी बंद. नाहीतर पुढचे दात जातील."

"आमच्या मालकांची आण. आजपासून बंद."

सोबत आलेल्या शेजारीण मालनबाई हसल्या. "चाळीस वर्षांची सवत सोडतीस व्हय, द्वारके?"

मालनबाई सत्तरीतही दातांनी ऊस सोलायच्या. म्हणून तुलनेसाठी त्यांचंही रक्त घेतलं. त्यांचे पहारेकरी निवांत झोपलेले निघाले.

तीन महिन्यांनी दोघी पुन्हा रक्त द्यायला उस्मानपुऱ्याहून रिक्षानं आल्या. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. मालनबाईंना अक्षरओळख नव्हती, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या द्वारकाबाईंच्याच हातात. रांग हळूहळू सरकत होती. खिडकीतून निंबाच्या फुलांचा वास येत होता.

आठवड्यानं संस्कृतीनं दोघींना बोलावलं.

"आजी, झोपले तुमचे पहारेकरी."

द्वारकाबाईंनी मान खाली घातली.

"मालनबाई, तुमचे मात्र जागे झालेत. हिरड्या तर ठणठणीत आहेत. मोठ्या दवाखान्यात सगळं अंग तपासून घ्या."

"मला काय झालंय? लई धडधाकट हाय मी."

द्वारकाबाई घाईनं उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

मोठ्या दवाखान्यात मालनबाईंच्या छातीत वाटाण्याएवढी गाठ सापडली. वेळेत काढली.

संस्कृती आता नागपूरला शिकवते. मालनबाई ठणठणीत आहेत, दर संक्रांतीला तिला तिळगूळ धाडतात. द्वारकाबाईंचे पुढचे दोन्ही दात गेले. वय झालं, म्हणतात सगळे. मालनबाई त्यांना उसाचे बारीक तुकडे करून देतात आणि त्या भिंगानं आपला जीव कसा वाचवला, ते पुन्हा पुन्हा सांगतात. द्वारकाबाई ऐकतात, कनवटीची मिसरीची डबी चाचपतात, आणि त्या दिवशी रांगेत अदलाबदल केलेल्या दोन चिठ्ठ्यांविषयी अवाक्षर काढत नाहीत.