गच्चीवरची पाटी

"संध्याकाळपर्यंत पाटी लागली नाही, तर उद्या खांब उतरवतो," सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक दारातूनच बजावून गेले.

घरच्या हौशी रेडिओ-संचावरून दूरदूरच्या मंडळींशी बोलताना गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबात किती व्होल्ट चढतात, एवढंच पाटीवर लिहायचं होतं. शरयूताईंचा नवरा आठवडाभर त्यासाठी वही भरत होता.

"अहो, निघाला का आकडा?"

"सकाळी नऊशे आला होता, आता अठराशे येतोय. माझंच काहीतरी चुकतंय."

"मग अठराशे लिहा."

"आणि चुकला तर? रेडिओवरची मंडळी हसतील."

"ती मंडळी येतात का आपल्या गच्चीवर कुरडया वाळवायला?"

ते पुन्हा वहीत शिरले. शरयूताईंनी कपाळावर हात मारला. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस त्या खांबाच्या जोरावर तासन्‌तास गप्पा मारायचा. खांब गेला, तर पुरता मुका होईल.

शेवटी त्यांनीच तांबड्या रंगाने पाटीवर ठसठशीत लिहिलं, ‘धोका. हात लावू नये.’

"एवढी तरी बांधून या."

संध्याकाळी कर्णिक पाटी वाचून ‘चालेल’ म्हणत परतले. शरयूताईंनी जवळ जाऊन पाहिलं. खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात भर पडली होती: ‘नऊशे ते अठराशे व्होल्ट. चूकभूल द्यावी घ्यावी.’