हवेतले केक

मावशीच्या केकच्या खात्यावरच्या शेवटच्या तीन स्टोऱ्या सेव्ह करायच्या उरल्या तेव्हा भाचीने नव्या फोनवर सेव्ह झालेली एक सहज उघडून बघितली. तीन थरांचा चॉकलेट केक खिडकीपाशी हवेत उभा होता. प्लेटसकट. खाली काही नाही, मागे कुणी नाही.

"मावशी, इथे काकांचे हात होते ना?"

केकवालीने ओले हात ॲप्रनला पुसले आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. तिने दुसरी स्टोरी उघडली, तिसरी उघडली. फुलांचा केक, फुटबॉलचा केक, कुणाच्या तरी साठीचा केक. सगळे अधांतरी. तिचा स्वतःचा आवाज मात्र प्रत्येकात जिथल्या तिथे होता. "जरा वर घ्या... अजून वर... हलवू नका हो!"

चार वर्षं हेच चाललं होतं. केक झाला की नवरा तो खिडकीच्या उजेडात धरायचा आणि ती स्टोरी टाकायची. चोवीस तासांनी लोकांना ती दिसेनाशी व्हायची, पण खात्याच्या पोटात जुन्या स्टोऱ्या साठून राहायच्या. नवरा जाऊन पाच महिने झाले होते. खात्याचा पासवर्ड त्यानेच टाकलेला, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. खातं उघडं होतं ते फक्त या जुन्या फोनवर, आणि या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. म्हणून तर भाची सकाळपासून एकेक स्टोरी सेव्ह करून नव्या फोनवर पाठवत बसली होती. गप्पा मारत, न बघता.

तसे नवऱ्याचे फोटो भिंतीवर दोन होते. पण छापखान्यातल्या कटिंग मशीनने त्याची उजवी करंगळी अर्धी नेली होती, तेव्हापासून फोटो म्हटला की हात पाठीमागे. शिक्षा म्हणून उभं केल्यासारखा. हात दिसायचे ते फक्त या स्टोऱ्यांत, कारण इथे प्लेट धरायची असायची.

"नवा फोन आपोआप काहीतरी एडिट करत असेल," भाची म्हणाली. तिचं तिलाच ते पटलं नाही. "थांब, जुन्यावर बघू."

जुन्या फोनवरही सेव्ह केलेल्या सगळ्या स्टोऱ्यांतून हात गेले होते. उरलेल्या तिन्हींत ते होते. नखांत शाई, अर्धी करंगळी. केकवालीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच भाचीने पहिलीवर सेव्हचं बटण दाबलं. दोघींच्या डोळ्यांदेखत हात विरले. आरशावरची वाफ उतरावी तसे.

"अगं, काय केलंस हे!"

"मी काय केलं? तूच म्हणालीस ना, सगळ्या घे म्हणून!"

दुसरीच्या वेळी भाचीने डोकं चालवलं. सेव्ह करायचंच नाही. जुना फोन टेबलावर ठेवायचा आणि नव्याने वरून शूटिंग करायचं. तिने श्वास रोखून शूटिंग केलं. ते संपलं तेव्हा दोन्ही फोनवर गुलाबी केक तेवढा उरला होता.

"आता शेवटचीला हात लावायचा नाही," केकवाली म्हणाली.

"मावशी, हा फोन किती तापलाय बघ. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. मग हीपण जाईल."

"जाऊ दे. जाईल तर हातांसकट जाईल."

तिने शेवटची स्टोरी उघडली. पांढरा दोन मजली केक, चांगला पाच किलोचा. स्टोरीवर अंगठा दाबून धरला की ती थांबते, एवढं तिला येत होतं. सात सेकंद झाले असतील, तिने अंगठा दाबला. तिचा आवाज 'अजून' वरच तुटला. केक थांबला. खिडकीचा हलणारा पडदा थांबला.

हात थरथरत होते.

भाचीने तिचा दंड धरला. "मावशी, हे थांबलंय ना?"

"थांबलंय."

मनगटावरची शीर फुगली होती. अर्धी करंगळी प्लेटखाली घसरत होती आणि पुन्हा आधार शोधत होती. एक मिनिट गेलं, पाच गेली. फोनच्या काचेने केकवालीचा अंगठा भाजत होता, तरी तिने तो काढला नाही.

"सोड ना गं मावशी. फोड येईल."

"सोडलं की संपलं. आठच सेकंद उरलेत."

"मग त्यांनी तरी किती वेळ धरून राहायचं?"

केकवालीने भाचीकडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे. चार वर्षं तिने केक सरळ आहे की नाही तेवढंच बघितलं होतं. आता ती केक सोडून बाकीचं बघत होती. प्लेट बोटभर खाली आली होती. हात ती पुन्हा वर न्यायला धडपडत होते.

"अहो," ती फोनपाशी तोंड नेऊन म्हणाली, "ठेवा आता खाली. झाला फोटो."

तिने अंगठा उचलला.

प्लेट टेकल्याचा आवाज आला, आणि भाचीची मान खोलीतल्या त्याच खिडकीकडे वळली.